फौजदार नको, उत्तर द्या



आज थोडं कडू लिहिणार आहे. नात्यातले बरेच जण हे वाचतात, त्यांतल्या काहींना ते लागेल. लागू दे. समोर गोड बोलायचं आणि पाठ फिरली की कुरकुरायचं, त्यापेक्षा हे बरं.

पूर्वी ईमेलवर ढकलपत्रं यायची, आता व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, एवढाच काय तो फरक. सकाळी फुलांच्या चित्रासकट सुप्रभात, दुपारी गुडघेदुखीवर मेथीचे दाणे, आणि रात्री "जागे व्हा, वीस वर्षांत आपण आपल्याच देशात अल्पसंख्य होणार!" पाठवणारी माणसं काही राक्षस नाहीत. आजारपणात डबा पोचवणारी, परक्याच्या लग्नात पंगतीला वाढायला उभी राहणारी अशी ही माणसं आहेत. म्हणून तर लिहायचं. वाईट माणसांनी वाईट बोललेलं कोणी मनावर घेत नाही. चांगल्या माणसांनी पुढे ढकललेलं मात्र खरं वाटतं.

या निरोपांवरून आमच्यात दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, "आम्ही खरं तेच सांगतो, आणि बोलायचं स्वातंत्र्य घटनेनं दिलंय." दुसरा तट, त्यात आमची तरुण मुलं जास्त, म्हणतो, "आत्या, यांच्यावर गुन्हेच दाखल करायला हवेत. दोन-चार जण आत गेले की बाकीचे आपोआप गप्प बसतील." मला दोन्ही मान्य नाही. आधी पहिल्यांशी भांडते, मग दुसऱ्यांशी.

स्वातंत्र्य आहे, कबूल. पण एखादी गोष्ट बोलायची मुभा आहे म्हणून ती खरी ठरत नाही. वर्गात मुलाला चुकीचं उत्तर द्यायचंही स्वातंत्र्य असतं. म्हणून काही त्याला गुण मिळत नाहीत. तर आपण उत्तरं तपासू.

लोकसंख्येचं घ्या. १९५१ च्या जनगणनेत देशात हिंदू साधारण ८४.१ टक्के होते आणि मुसलमान ९.८ टक्के. २०११ मध्ये हिंदू ७९.८ टक्के आणि मुसलमान १४.२ टक्के. प्रमाण वाढलं आहे, ते मी लपवत नाही. लपवलं की समोरचा म्हणतो, "बघा, हे आकडे दडवतात," आणि त्याचं बरोबरच असतं. पण साठ वर्षांत साडेचार टक्क्यांच्याही आतली ही वाढ. आता पुढचं बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सरकारच करतं. १९९२-९३ च्या पहिल्या पाहणीत एका मुस्लिम स्त्रीमागे सरासरी ४.४ मुलं होती, २०१९-२१ च्या पाहणीत ती २.३६ वर आली. हिंदू स्त्रियांचा आकडा ३.३ वरून १.९४ वर आला. म्हणजे दोन्हीकडे घट, आणि मुसलमानांतली घट जास्त. तेव्हा दोघींमध्ये एका मुलाहून अधिक अंतर होतं, आता ते अर्ध्यापेक्षाही कमी उरलं आहे. आणखी एक गंमत. बिहारमधल्या हिंदू स्त्रीला सरासरीने जितकी मुलं होतात, तितकी केरळातल्या मुस्लिम स्त्रीला होत नाहीत. हे धर्मग्रंथामुळे होत असतं तर केरळात वेगळा ग्रंथ आणि बिहारात वेगळा असायला हवा होता. फरक आईच्या शाळेचा आहे, दवाखान्याचा आहे, हातात येणाऱ्या पैशाचा आहे. मुलगी दहावी-बारावीपर्यंत शिकली की पाळण्यांची संख्या आपोआप कमी होते. आपल्या आज्यांना आठ-आठ, दहा-दहा मुलं होती. त्या काय कट करत होत्या?

"त्यांना चार बायका असतात" हे दुसरं. त्याच २०१९-२१ च्या पाहणीत नवऱ्याला आणखी बायको असल्याचं सांगणाऱ्या मुस्लिम स्त्रिया १.९ टक्के होत्या आणि हिंदू स्त्रिया १.३ टक्के. एक टक्कासुद्धा फरक नाही. चार लग्नांची कायदेशीर मुभा नको, हे माझंही मत आहे आणि ते पुढे सांगतेच. पण मुभा असणं वेगळं आणि घरोघरी चार बायका असणं वेगळं. तिसरं, "सगळी पोरं मदरशात जातात." सच्चर समितीचा अहवाल २००६ चा. शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी तीन टक्क्यांच्या आसपास, असं त्यात आढळलं. बाकीची तुमच्या-आमच्या मुलांसारखीच शाळेत जातात, किंवा पैशाअभावी मधेच शाळा सोडतात.

करोनाचा काळ तर अगदी अलीकडचा. मार्च २०२० मध्ये दिल्लीच्या तबलिगी मेळाव्यानंतर भाजीवाल्यांची नावं विचारून भाजी घेणारे लोक आपण पाहिले. फळांवर थुंकण्याची चलचित्रं किती जणांनी पुढे पाठवली असतील! ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगच्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचे बकरे केलं गेलं, असं स्पष्ट म्हटलं. ती बातमी कोणी पुढे ढकलली? माझ्याकडे तरी एकही आली नाही. आरोप सगळ्या गटांवर फिरतो, निर्दोष ठरल्याची बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर विरून जाते.

आता माझ्याच बाजूच्या लोकांची एक सवय. असा निरोप आला की आपण घाईघाईने चांगल्या मुसलमानांची यादी काढतो. अब्दुल कलाम, बिस्मिल्ला खान, शाहीर अमर शेख, शिवरायांच्या आरमारातला दौलतखान. ही माणसं थोरच. पण या यादीचा अर्थ काय निघतो, ते बघा. मुसलमानाने क्षेपणास्त्र बनवलं किंवा शहनाई वाजवली की तो आपला. मग कोपऱ्यावर पंक्चर काढणारा? तो ना थोर, ना गुन्हेगार. संध्याकाळी दमून घरी जाणारा, पोराच्या फीची काळजी करणारा साधा माणूस. आपल्यातल्या साध्या माणसाला कोणी विचारतं का, की तू टिळक आहेस का, नसशील तर घर मिळणार नाही? सामान्य असण्याचा हक्क सगळ्यांना हवा.

घराचं म्हणाल तर तेच सांगते. माझी एक जुनी विद्यार्थिनी शहरात नोकरीला लागली. नाव तुम्हाला सांगणार नाही. नावामुळेच तर तिचं अडलं. फोनवर भाडं ठरायचं, अनामत रक्कम ठरायची, आणि आडनाव सांगितलं की मालकाचा भाचा अचानक परदेशातून परत यायचा. अशा भाच्यांची तिने मोजदाद ठेवली होती, अकरा भरले. ती हसत सांगत होती, मला हसू आलं नाही. बारावं घर मिळालं ते शहराबाहेर, तिच्याच समाजाच्या वस्तीत. मग आपणच म्हणतो, "बघा, हे लोक आपापल्या मोहल्ल्यात गोळा होऊन राहतात."

इथे कायदा फारसा कामाला येत नाही, हे ध्यानात घ्या. घटनेच्या पंधराव्या कलमाचा मुख्य रोख सरकारवर आहे. खाजगी घरमालकाने कोणाला नाही म्हटलं तर ते कलम त्याचा हात धरत नाही. सहकारी गृहसंस्थेने सभासदत्व एकाच समाजापुरतं ठेवावं, याला २००५ मध्ये एका पारशी संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हरकत घेतली नाही. म्हणजे या ठिकाणी राहतो तो फक्त माणसाचा माणसाशी व्यवहार. तो नासला तर न्यायालय काही करू शकत नाही. आणि तो नासतो कशाने? त्या रात्रीच्या निरोपांनीच. रोज थोडं थोडं.

असो. आता दुसऱ्या तटाकडे वळते.

मुलांनो, तुमचा राग मला समजतो. पण "असं बोलणाऱ्यांना आत टाका" म्हणताना, आपल्याकडे या कायद्यांनी आजवर काय केलं ते एकदा वाचा.

धार्मिक भावना दुखावण्याचं २९५-अ हे कलम आलं १९२७ मध्ये. त्याआधी १९२४ मध्ये लाहोरला प्रेषित महंमदांवर एक ओंगळ पुस्तिका निघाली होती. उच्च न्यायालयाने प्रकाशक राजपाल यांना सोडलं, कारण तेव्हाच्या कायद्यात ते बसत नव्हतं. केवढा तरी क्षोभ झाला आणि नवं कलम आलं. गंमत म्हणजे, इतिहास लिहिणाऱ्यांना आणि धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणाऱ्यांना या कलमापासून संरक्षण हवं, असं तेव्हा विधिमंडळात बजावणाऱ्यांत बॅरिस्टर जीना होते. कलम आलं, पण राजपाल वाचले नाहीत. १९२९ मध्ये त्यांचा खून झाला. लोक शांत व्हावेत म्हणून आणलेला कायदा, लोक शांत झाले नाहीत आणि कायदा मात्र राहिला. आता भारतीय न्याय संहितेत त्याचा क्रमांक २९९ झाला आहे, एवढंच.

आणि तो कोणावर चालला? आपल्याच राज्यातली उदाहरणं घ्या. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईच्या 'अवधनामा' या उर्दू दैनिकाच्या संपादिका शिरीन दळवी यांनी पॅरिसच्या 'शार्ली एब्दो'च्या मुखपृष्ठाचं चित्र बातमीसोबत छापलं. त्यांनी माफी मागितली, तरी ठिकठिकाणी तक्रारी झाल्या, मुंब्र्याला अटक झाली आणि वर्तमानपत्राची मुंबई आवृत्ती बंद पडली. मुसलमान बाई, मुसलमानांच्याच तक्रारी, आणि कायदा भावनांच्या रक्षणाचा. याच शिरीन दळवींनी डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व कायद्यातल्या दुरुस्तीच्या निषेधार्थ उर्दू अकादमीचा पुरस्कार परत केला. त्या कोणत्या तटात बसवायच्या, ते मला सांगा.

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले तेव्हा मुंबई बंद कशासाठी, असं पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर लिहिलं. तिच्या मैत्रिणीने ते आवडल्याची खूण केली. दोघींना अटक झाली. लिहिणारी मुलगी मुसलमान होती. तिच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. तेव्हा वापरलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. त्याच्या आधीचं जेम्स लेन यांचं पुस्तक आठवत असेल. ५ जानेवारी २००४ ला पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, हस्तलिखितांची नासधूस झाली, पुस्तकावर बंदी आली. ती बंदी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयातही टिकली नाही. पण फाटलेली पानं काही परत आली नाहीत.

यातून मला एकच दिसतं. भावना दुखावल्याचा कायदा ज्याच्या हाती जमाव आहे त्याच्या कामी येतो. दुबळ्याच्या रक्षणासाठी म्हणून तुम्ही तो मागता, आणि तो पहिला दुबळ्याच्याच मानेवर बसतो. आज तुम्ही काकांच्या निरोपावर फौजदार बोलवाल, उद्या तोच फौजदार तुमच्या कवितेवर येईल. शिवाय काका तुरुंगात जाऊन आल्यावर त्यांचं मत बदललेलं असेल, असं तुम्हाला खरंच वाटतं का? ते हुतात्मा होऊन परत येतील आणि गटावर त्यांचा सत्कार होईल.

मग काय, काहीही बोलू द्यायचं? नाही. रेघ आहे, आणि ती न्यायालयानेच नीट आखून दिली आहे. ६६-अ रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने तीन पायऱ्या सांगितल्या : चर्चा, समर्थन आणि चिथावणी. पहिल्या दोन कितीही कडू असल्या तरी त्यांना संरक्षण आहे. चिथावणीपाशी सरकारने मधे पडायचं. मला ही रेघ पटते. "कुराणातली अमुक गोष्ट मला चुकीची वाटते" ही चर्चा. "समान नागरी कायदा झालाच पाहिजे" हे समर्थन. "यांच्या दुकानातून काही घेऊ नका, यांना गावाबाहेर काढा, हत्यारं तयार ठेवा" ही चिथावणी. तिसऱ्या प्रकाराला फौजदार हवाच, आणि तो बोलावल्याशिवाय यायला हवा. ऑक्टोबर २०२२ मध्ये तीन ठिकाणच्या पोलिसांना आणि एप्रिल २०२३ मध्ये सगळ्याच राज्यांना सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावलं, की तक्रारीची वाट न बघता, बोलणाऱ्याचा धर्म न बघता गुन्हा नोंदवा. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. व्यासपीठावरून हत्यारांची भाषा करणारा हार घालून घरी जातो आणि मोबाईलवर एखादं चित्र ठेवणारं पोर कोठडीत जातं.

चिथावणीला मोकळं सोडलं की काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. जून २०१४ मध्ये शिवाजी महाराज आणि बाळासाहेब यांच्याविषयी फेसबुकवर घाणेरडा मजकूर फिरला. कोणी टाकला, त्याचा शोध घेण्याची जमावाला गरज वाटली नाही. पुण्यात हडपसरला नमाज पढून घरी निघालेला, संगणकाच्या कंपनीत काम करणारा एक सोलापूरचा तरुण त्यांना दिसला. त्याचा त्या मजकुराशी काडीचा संबंध नव्हता. दाढी होती, डोक्यावर टोपी होती. तेवढ्यावर त्याला जिवे मारलं. जानेवारी २०२३ मध्ये सगळे आरोपी पुराव्याअभावी सुटले. "आम्ही फक्त फॉरवर्ड करतो" म्हणणाऱ्यांनी या मुलाचा एकदा विचार करावा. मारणारे हात तुमचे नव्हते, हे खरं. पण "एकाने केलं म्हणजे सगळ्यांनी केलं" हे त्या हातांना रोज कोण शिकवत होतं?

आता शेवटचा मुद्दा, आणि तो दोन्ही तटांसाठी आहे. मुसलमानांविषयीचा आकस आणि इस्लामची चिकित्सा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे मराठी माणसाला तरी वेगळं सांगायला नको, कारण आपल्याकडे हमीद दलवाई होऊन गेले. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा माणूस. १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन त्यांनी मुंबईत मोर्चा काढला. तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा, सगळ्यांना एक कायदा करा, या मागण्या. सात बायका! मोर्चा म्हणायलाही लोक तयार नव्हते. १९७० मध्ये पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं आणि १९७७ मध्ये, वयाच्या चव्वेचाळीसाव्या वर्षी, ते गेले. तोंडी तलाक सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरवला तो ऑगस्ट २०१७ मध्ये. मोर्चानंतर एक्कावन्न वर्षांनी.

दलवाईंवर त्यांच्याच समाजातले लोक चिडले, कारण ते धर्माला प्रश्न विचारत होते. त्या वेळी "भावना दुखावल्या" म्हणून त्यांना गप्प केलं असतं तर त्या सात बायकांचं कोणी ऐकलं असतं? म्हणून मी तरुण मुलांना सांगते, आकसाशी लढताना चिकित्सेचं तोंड बांधू नका. मुस्लिम स्त्रीचं सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं. आणि पहिल्या तटातल्या लोकांना सांगते, तुम्ही दलवाईंचे उतारे पाठवता, पण दलवाई आपल्या माणसांना माणसात आणायला निघाले होते. मुसलमानाला घर देऊ नका, असं त्यांनी कुठे लिहून ठेवलंय का? ज्याने आपल्याच घरातला केर काढला, त्याच्या केरसुणीने तुम्ही शेजाऱ्याला झोडपताय.

"मग आत्या, करायचं काय?" तर उत्तर द्यायचं. जिथे निरोप आला तिथेच, सगळ्यांसमोर, स्वतःच्या नावाने. खाजगीत "अहो, असं बरं नव्हे" म्हणून भागत नाही. खोटं चाळीस जणांनी वाचलं तर खरंही चाळीस जणांनी वाचायला हवं. शिव्या नकोत, "तुम्ही अमक्या पक्षाचे" नको. नाती जपून बोलायचं. थोरल्या दिरांना "भाऊजी" म्हणूनच हाक मारायची आणि पुढे लिहायचं, "हा आकडा चुकीचा आहे, खरा असा आहे, आपण कुठून घेतलात?" एवढा एकच प्रश्न पुरतो बऱ्याचदा. मी गेलं वर्षभर हेच करते आहे. दोघे गट सोडून गेले, एक भाची वर्षभर बोलली नाही. पण एका चुलत भावाने, त्याचं वय एकोणऐंशी, परवा एक निरोप पाठवण्याआधी मला फोन करून विचारलं, "ताई, हे खरं आहे का गं?" एवढ्याशा प्रश्नासाठी माझी वर्षभराची भांडणं मी आनंदाने पुन्हा करीन.

आणि एक. गृहसंस्थेच्या सभेत "तसल्या लोकांना" विषय निघाला की चहाचा कप हातात घेऊन खिडकीबाहेर बघत बसू नका. त्या दहा मिनिटांत कोणीतरी "का?" असं विचारलं की पुढचा माणूस अडखळतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ते "का?" विचारायला घटनेने आपल्याला बोलायचं स्वातंत्र्य दिलंय. पहिल्या तटाने ते भरपूर वापरलं. आता उरलेल्यांनी वापरावं.

राग आला असेल तर फोन करा. उत्तर देईन.